सभागृह उठेपर्यंत

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. आबा जमिनीवर जुना पेपर पसरून मेथी निवडत बसले होते. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर नागपूरचं अधिवेशन चालू होतं. कुठल्याशा गावातली दगडफेक, त्यात जखमी झालेले पोलीस, असा विषय होता. एक सन्माननीय सदस्य हात हलवत सांगत होते, की पोलिसांचं मनोबल खच्ची होईल असं काहीही या सभागृहातून बाहेर जाता कामा नये. त्यावर बाकं वाजली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आला. पोळ्या झाल्या होत्या, भाजी निवत होती. मी म्हटलं, "आबा, बास झालं आता, चला जेवायला," आणि मोबाइल बंद करायला हात पुढे केला. आबांनी माझं मनगट धरलं. अगदी घट्ट. "बंद नको करूस. अजून उठलं नाही."

आबा माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, पण त्यांची बोटं मनगटावर रुतली आणि मला एकदम कानकोंडं झालं. छत्तीस वर्षं राज्य राखीव पोलीस दलात काढलेला माणूस, निवृत्त होऊनही दहा-बारा वर्षं झाली, आणि अजून त्याला कुणातरी आमदाराच्या तोंडून स्वतःची तारीफ ऐकायची आहे? जेवण थांबवून? मला त्यांची कीव आली आणि लगेच त्या किवेची लाजही वाटली. मी गप्प बसले. आबांनी राहिलेल्या काड्या निवडल्या. आतली चर्चा एसटीच्या डेपोवर गेली, मग धानाच्या बोनसवर. आबा ऐकत नव्हतेच. त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात होतं.

ते मनगट धरणं मला पुढे बरेच दिवस पुरलं.

मनोबल हा शब्द आमच्या घरात फार जुना. तो आईने आणला. आम्ही दौंडला एसआरपीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जंक्शनचं गाव, रात्रभर गाड्यांची शंटिंग, आणि मैदानावर पहाटे पाचला शिट्टी. कंपनी हलायची वेळ आली की वायरलेसवरून निरोप यायचा आणि तासाभरात सगळ्या लाइनीत एकच आवाज सुरू व्हायचा, लोखंडी ट्रंका ओढण्याचा. वळकटी, ट्रंक, पाण्याची बाटली, कागदात गुंडाळलेल्या चटणीचा पुडा. ट्रक निघून गेले की लाइनीत नुसत्या बायका-पोरं उरायची. कधी पंढरपूरची वारी, कधी निवडणूक, कधी गणपती, कधी कुठे दंगल. आबा पंधरा दिवस म्हणून गेले की दोन महिन्यांनी यायचे. मंजूर झालेली रजा रद्द व्हायची. तेव्हा आई संध्याकाळच्या बातम्या लावायची, आणि कुणीतरी मंत्री मनोबलावर बोलायला लागला की पोळी लाटता लाटता म्हणायची, "घ्या, वाढलं यांचं मनोबल. आता पगारातून कापतील." मी शाळेत निबंधात हा शब्द वापरला होता, "रविवारी सुट्टी मिळाली की आबांचे मनोबल वाढते," असा. बाईंनी खाली लाल रेघ मारली. चूक काय ते मला अजून कळलेलं नाही.

असे आणखी शब्द होते. सौम्य लाठीमार, हा त्यातला सगळ्यात गमतीचा. पेपरात नेहमी सौम्यच असायचा. मी एकदा आबांना विचारलं, सौम्य म्हणजे कसा मारतात? त्यांनी खुंटीवरची काठी काढून माझ्या हातात दिली. तेल पाजलेला बांबू, एका टोकाला घामाने काळा पडलेला. ती उचलतानाच माझा हात खाली गेला. आबा म्हणाले, "काठीत काही सौम्य नसतं. सौम्य असला तर हात असतो. आणि तो सकाळी सहापासून उभा असतो." एवढं बोलून त्यांनी ती परत टांगली. आपल्या बापाने त्या काठीने कुणाला मारलं असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. विचारायचं धाडस नंतरही झालं नाही. पोलिसाच्या पोरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. कुणी बोलत नाही एवढंच.

खरं म्हणजे आमच्या घरात दोन्ही बाजू होत्या. आईचे वडील, नाना, लालबागच्या गिरणीत साचेखात्यात. मूळचे माणदेशातले, आबांच्याच तालुक्यातले, म्हणून सोयरीक जमली. पण एसआरपीतला जावई करायला नाना सहजासहजी तयार झाले नव्हते. "मोरारजीच्या पोलिसाला पोरगी देऊ?" असं ते आजीला म्हणाले होते म्हणे. तेव्हा मोरारजी दिल्लीत पंतप्रधान होते आणि आबांची भरती नुकतीच झाली होती. पण नानांच्या लेखी १९५५ साल संपलंच नव्हतं. २० नोव्हेंबरला चौपाटीवर स. का. पाटील आणि मोरारजी देसाईंची सभा लोकांनी उधळली, तिथे नाना होते. चपला उडाल्या, दगड उडाले. "मी चप्पल नाही फेकली," नाना प्रामाणिकपणे सांगायचे, "एकच जोड होता." दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला संप झाला. मोर्चा कौन्सिल हॉलकडे निघाला. आत राज्य पुनर्रचनेवर, म्हणजे मुंबईचं काय करायचं यावर, विधिमंडळात खल चाललेला, आणि बाहेर फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी माणसं अडवलेली. आधी अश्रुधूर, मग गोळ्या. त्या दिवशी पंधरा माणसं गेली. नाना एका बँकेच्या जिन्याखाली तासभर दडून बसले होते, आणि पुढे जन्मभर त्यांना फटाक्यांचा वास सहन झाला नाही. दिवाळीत ते गॅलरीचं दार लावून घेत.

मला नानांचं एक वाक्य नेहमी आठवतं, कारण अशी गोष्ट सांगताना लोक सहसा ते गाळतात. ते म्हणायचे, "आम्ही काय फुलं घेऊन गेलो नव्हतो." पण त्याला जोडूनच दुसरं वाक्य असायचं. "दगडाला दगड म्हणावं की. गोळी का?" मोरारजी मुख्यमंत्री, आणि त्यांना गोळीबाराचं समर्थन करताना जराही अवघडल्यासारखं झालं नाही. पुढे जानेवारी १९५६ मध्ये, मुंबई केंद्रशासित करणार हे नेहरूंनी रेडिओवरून सांगितल्यावर शहर पेटलं आणि त्याहून कितीतरी जास्त माणसं मारली गेली. चौकशीची मागणी झाली, ती मोरारजींनी फेटाळली. हुतात्मे १०५ की १०६ की १०७, हा हिशेब आपण अजून करतो आहोत. त्या वेळी आमदार-खासदारांतल्या बऱ्याच जणांना पक्षाच्या शिस्तीपुढे तोंड उघडता आलं नाही. एकाला आलं, तेही दिल्लीत. चिंतामणराव देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री, कुलाब्यातून निवडून गेलेले. आयसीएसमध्ये घडलेला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला माणूस. मोर्च्यात घोषणा देणाऱ्यांपैकी तो नव्हेच. पण जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी का नाही केली, हे विचारलं. नाना त्यांचा उल्लेख "आपला सीडी" असा करायचे, जणू साचेखात्यात शेजारच्या मागावर होता.

मी सातवीत असताना आबांना एकदा दुर्मीळ अशी चार दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही सगळे लालबागला गेलो. गेटवे ऑफ इंडिया बघायचा, म्हणून नाना आणि आबा मला घेऊन निघाले. रीगलपाशी बस सोडली. समोर एक दगडी, कमानींची, चढत्या छपरांची इमारत. आबा एकदम ताठ झाले, शर्टाची कॉलर नीट केली आणि मला म्हणाले, "ते बघ, डीजी साहेबांचं ऑफिस. महाराष्ट्राच्या सगळ्या पोलिसांचं मुख्यालय." नाना दोन पावलं मागे होते. त्यांनी तिकडेच बोट दाखवलं आणि म्हणाले, "हीच ती असेंब्ली. आम्हाला इथपर्यंत यायचं होतं."

दोघंही खरं बोलत होते. ब्रिटिशांनी खलाशांसाठी बांधलेली ती वास्तू १९२८ पासून कौन्सिल हॉल झाली. त्याच सभागृहात मुंबईवर चर्चा झाली. नंतर विधानभवन नरिमन पॉइंटला गेलं आणि जुनी इमारत पोलिसांच्या ताब्यात आली. आता तिथे बंदोबस्ताची आखणी होते, आणि ज्यांच्यासाठी बंदोबस्त ते मैलभरावर बसतात. सातवीतल्या मला यातलं काही समजलं नाही. मला कुल्फी हवी होती. पण सासरा-जावई त्या फुटपाथवर एकमेकांकडे न बघता काही वेळ उभे राहिले, हे आठवतं. मग नाना म्हणाले, "चला, पोरीला कुल्फी घेऊ." फ्लोरा फाउंटनला आज मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार आहे. दर महाराष्ट्र दिनाला तिथे मुख्यमंत्री पुष्पचक्र वाहतात आणि पोलीस सलामी देतात. पोलिसांच्याच गोळ्यांनी गेलेल्या माणसांना पोलिसांची सलामी. आबांना मी एकदा हे बोलून दाखवलं, जरा तावातावाने. ते म्हणाले, "मग काय करायचं? सलामी द्यायची नाही?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, आबांची कंपनी हिवाळी अधिवेशनाला नागपुरात होती. दर वर्षी असायचीच. कुठल्यातरी शाळेचे वर्ग रिकामे करून त्यांना द्यायचे, बाकं भिंतीला लावून खाली वळकट्या. नागपूरची थंडी, आणि येताना संत्र्याची बर्फी. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला. दिवसभर माणसं उन्हात बसून होती. मोठ्या संख्येने बाया, कडेवर पोरं. मागणी होती अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची, आणि त्या क्षणी तर त्याहून साधी: कुणीतरी मंत्र्याने बाहेर येऊन निवेदन घ्यावं. कुणी आलं नाही. संध्याकाळी कुणीतरी येतंय अशा समजुतीने गर्दी पुढे सरकली, लाठ्या चालल्या, पळायला जागा नव्हती. ११४ माणसं चेंगरून मेली. दगडफेक नाही, जाळपोळ नाही. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचडांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणींचा आयोग बसला, त्याने कुणालाच दोषी धरलं नाही. झिरो माइलजवळ स्मारक झालं, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव मिळालं. आणि ज्या दाखल्यांसाठी ती माणसं बसली होती, ते २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात नाकारले गेले.

आम्ही हे पेपरात वाचलं. फोटोत चपलांचा ढीग होता. आबा त्या संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी, आमदार निवासाच्या फाटकावर होते, हे आईला कुणाकडून तरी समजलं होतं, आणि ते समजल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली होती. मला म्हणाली, "आले की काही विचारायचं नाही." आबा डिसेंबरात आले. येताना नेहमीसारखी संत्र्याची बर्फी आणली. आम्ही ती खाल्ली. चांगली होती. मी पुष्कळदा विचार करते, की त्या वर्षी बर्फी आणायला ते विसरले असते तर ही गोष्ट सांगायला मला सोपी गेली असती. विसरले नाहीत. फक्त त्या रात्री अंगणात बसून त्यांनी आईला जे सांगितलं ते मी खिडकीतून ऐकलं: "दहा मिनिटांचं काम होतं गं. कागद घ्यायचा, मान हलवायची, परत आत जायचं. आतून कुणी उठलंच नाही."

मोठी झाल्यावर, पेपर वाचायची सवय लागल्यावर, मला बाकांचा खेळ दिसायला लागला. ९ ऑगस्ट २०११, मावळात पवनेच्या पाण्यासाठी शेतकरी एक्स्प्रेस वेवर बसले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, तीन जण गेले. त्यात एक बाई. पळणाऱ्यांच्या मागे धावत गोळ्या झाडणारे पोलीस सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितले. माझे आबा तसलाच गणवेश घालून कामावर जात होते आणि मी पुण्यात एका खोलीत बसून ते चित्र पुन्हा पुन्हा बघत होते, ओळखीचा चेहरा तर नाही ना, म्हणून. तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, आणि भाजप-शिवसेना पोलिसांच्या अमानुषतेवर तुटून पडलेले. बरोबर वर्षाने, ११ ऑगस्ट २०१२ ला, आझाद मैदानावर जमाव पिसाटला. वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅन पेटवल्या, अमर जवान स्मारकाची मोडतोड झाली, महिला पोलिसांवर हात टाकले गेले, पोलिसांची हत्यारं हिसकावली. दोन माणसं मेली, पन्नासाहून जास्त जखमी, त्यातले बहुतेक पोलीस. या वेळी तक्रार उलटी होती, की पोलिसांनी हात का आखडला? पोलीस आयुक्तांनी संयमाने घेतलं म्हणून मुंबई पेटली नाही, असं मानणारे होते, आहेत. बारा दिवसांत त्यांची बदली झाली. मधल्या काळात निघालेल्या निषेधाच्या मोर्च्यात एका पोलिसाने गणवेशातच नेत्याला गुलाब दिला, तर त्याच्यामागे चौकशी लागली. आबा त्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "गोळी मारली तर आयोग, नाही मारली तर बदली. आणि फूल दिलं तरी चौकशी." ते हसत होते. पण हसणं खरं नव्हतं.

मग २०२३, जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी. १ सप्टेंबरला मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाच्या मंडपात लाठीमार. बाया-माणसांच्या पाठीवरचे वळ घरोघर मोबाइलवर. आता गृहखातं देवेंद्र फडणवीसांकडे, आणि २०११ साली गोळीबाराच्या समर्थनाला उभं राहावं लागलेल्यांतले काही विरोधात, काही त्यांच्याच मांडीला मांडी लावून. फडणवीसांनी तीन दिवसांनी क्षमा मागितली. महाराष्ट्राच्या गृहमंत्र्याने अशी उघड क्षमा मागणं ही काही रोजची गोष्ट नाही, ते मी नाकारणार नाही. मात्र डिसेंबरात लेखी उत्तर आलं त्यात सूर वेगळा होता. त्या कागदावर जखमी पोलीस जखमी आंदोलकांपेक्षा जास्त होते. मला दोन्ही खरं वाटतं. वळही खरे आणि पोलिसांची फुटलेली डोकीही. खोटं वाटतं ते एवढंच, की बाक बदललं की माणसाला त्यातलं एकच दिसायला लागतं. ऑक्टोबर संपता संपता बीडमध्ये जमावाने आमदारांची घरं पेटवली, घरात बायका-मुलं असताना. तेव्हा मात्र नागपूरच्या सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक एकाच सुरात विचारत होते: पोलीस कुठे होते? बघ्याची भूमिका का घेतली? ते ऐकताना मला त्या आमदारांबद्दल खरीखुरी सहानुभूती वाटली. घर जळण्याचा वास कुणाच्याच वाट्याला येऊ नये. आणि त्याच वेळी डोक्यात एक दुष्ट विचार येऊन गेला, की आता यांना कळेल. काय कळेल, ते मात्र मला नेमकं सांगता येणार नाही.

आबांची निवृत्ती २०१३ मधली. शेवटच्या मार्चमध्ये ते मुंबईत बंदोबस्तालाच होते. वाहतूक शाखेच्या एका सहायक निरीक्षकाने सी लिंकवर एका आमदाराची गाडी वेगासाठी अडवली, बोलाचाली झाली, हक्कभंगाची भाषा झाली, आणि दुसऱ्या दिवशी, १९ मार्चला, त्या अधिकाऱ्याला विधानभवनाच्या आवारात, आतमध्ये, आमदारांनी मारलं. रस्त्यावर नाही, मोर्च्यात नाही. जिथे मनोबलाचे ठराव होतात तिथे. पाच जण निलंबित झाले आणि त्यांत चार वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते. एरवी एका ठरावावर चार पक्ष एकत्र यायला किती दिवस लागतात! आझाद मैदानावरून गहिवरून आलेली भाषणं होऊन सात-आठ महिनेच झाले होते. आबांना मी फोन केला तर ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पेन्शनचे कागद कुठवर आलेत, एवढंच सांगत राहिले. दोन महिन्यांनी निरोप समारंभ झाला, नारळ, शाल, आणि भिंतीवरचं एक घड्याळ. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे चालतं. आबा ते मागे करू देत नाहीत.

आबांच्या डाव्या भुवईत एक पांढरी रेघ आहे. तिथे केस उगवत नाहीत. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी रास्ता रोकोत बसलेला दगड. सात टाके. त्या केसमध्ये ते साक्षीदार होते. दोनदा समन्स आलं, दोनदा एसटीने रात्रभर प्रवास करून गेले, दोन्ही वेळा तारीख पडली. तिसरं समन्स आलंच नाही. कित्येक वर्षांनी त्याच भागातला एक जुना सहकारी लग्नात भेटला, तो म्हणाला, "ती केस कधीच काढून घेतली की. तो पोरगा आता झेडपीत आहे." राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय आपल्याकडे निघत असतात, त्यात अटी असतात: जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. सरकारी वकील अर्ज करतो, न्यायालय परवानगी देतं. मी याच्या विरोधात नाही, हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण नाही. विशी-बाविशीतल्या पोरांचा जन्म एका दगडाने वाया जाऊ नये. नानांवर १९५५ मध्ये खटला झाला असता तर? पण पाच लाखांच्या त्या हिशेबात भुवई कुठल्या रकान्यात धरतात, हे एकदा कुणीतरी मला सांगावं. निदान आबांना एक पोस्टकार्ड टाकायला हरकत नव्हती.

सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम, ३५३, आपल्या विधिमंडळाने स्वतःहून कडक केलं होतं. २०१८ पासून दोन वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर नेली, जामीनही अवघड केला. बाकं तेव्हाही वाजली असणार. मग हळूहळू आमदारच सभागृहात तक्रार करू लागले, की अधिकारी या कलमाचा बडगा लोकप्रतिनिधींवरच उगारतात. तक्रारीत तथ्य नसेल असं नाही. काही साहेब लोक आहेतच तसे, आबांनीही ते भोगलंय. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता आली, कलम १३२ झालं, आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते रेशनच्या गव्हातले खडे वेचत होते. म्हणाले, "दगडाला कुठं माहीत असतं कलम?"

तर, ते मनगट.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर स्वयंपाक उरकला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसले. सात वाजून गेले होते. कामकाज लांबलं होतं. लक्षवेधी झाल्या, मग कुठलंसं विधेयक. एक मंत्री उत्तर देत होते आणि संपवायचं नाव घेत नव्हते. पुन्हा पोलिसांचा विषय निघाला, पुन्हा कुणीतरी त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभं राहिलं, बाकं वाजली. आबांनी जांभई दिली. तारीफ ऐकायला बसलेला माणूस तारीफ चालू असताना जांभई देत नाही, एवढं मलाही कळलं. पावणेदहाला तालिका अध्यक्षांनी सांगितलं, सभागृहाची बैठक स्थगित होऊन उद्या सकाळी अकरा वाजता पुन्हा भरेल. आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाच मिनिटं वजा केली आणि चष्मा लावून कुणाचा तरी नंबर शोधायला लागले.

पहिल्या दोन वेळेला फोन लागला नाही. तिसऱ्यांदा उचलला. पलीकडे गाड्यांचे हॉर्न, शिट्ट्या, कुणीतरी रांगेत चला म्हणून ओरडत होतं. आवाज दौंडच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलाचा. पाच वर्षांपूर्वी भरतीच्या आधी आबा त्याला पहाटे मैदानावर पळवायचे. त्याची कंपनी नागपुरात होती, विधानभवनाच्या बाहेरच्या बॅरिकेडवर.

"सुटला का?"

"आत्ताच उठलं काका. साहेब लोकांच्या गाड्या निघतायत, त्या गेल्या की."

"सकाळी कितीला उभा राहिलास?"

"सहाला."

"जेवण?"

"पाकीट आलं होतं चारला. पुरी-भाजी. गार होती."

"पाय वर करून झोप. उशाला नको, पायाखाली वळकटी घे."

"हो काका. ठेवतो, गाडी आली वाटतं." मग थोडं थांबून, "नाही, आमची नाही. कुणातरी आमदारांची आहे."

आबांनी फोन ठेवला. गुडघ्यावर हात टेकत उठले, तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं, आणि आत येऊन ताटावर बसले. पोळी गार झाली होती. मी गरम करून देऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले.